वर्गातील सूचना आणि न ऐकणारा विद्यार्थी

प्राथमिक शाळेतील मुलाचा दिवस सूचनांनी बांधलेला असतो. प्रार्थनेसाठी रांगेत उभे राहण्यापासून सायंकाळी दप्तर आवरण्यापर्यंत ते असंख्य सूचना ऐकत असते आणि त्यांपैकी बहुतेक विनातक्रार पाळतही असते. म्हणूनच एखादा विद्यार्थी शिक्षकांची सूचना ऐकून न ऐकल्यासारखे करतो, तेव्हा ती गोष्ट सर्वांच्या डोळ्यांवर येते. "वह्या उघडा" असे सांगताच तीस मुले वह्या उघडतात. शेवटच्या बाकावरचा एकजण मात्र खिडकीबाहेर पाहत पेन्सिल आपटत राहतो. शिक्षक दुसऱ्यांदा सांगतात, तिसऱ्यांदा आवाज चढवून सांगतात. पाठ थांबतो आणि आता काय होणार, याची वाट पाहत सगळा वर्ग त्या दोघांकडे पाहू लागतो.

अशा प्रसंगी तीन गोष्टी पणाला लागलेल्या असतात. उरलेल्या मुलांचा वेळ ही पहिली, शिक्षकांचा अधिकार ही दुसरी आणि त्या मुलाचे शाळेशी असलेले नाते ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टींची चिंता तत्क्षणीच जाणवते. तिसरी मात्र सहज नजरेआड होते. रोज उभा केला जाणारा आणि रोज वर्गाबाहेर काढला जाणारा मुलगा पुढे एके दिवशी शाळेत येईनासा होतो आणि त्याला शिक्षणाची आवडच नव्हती, असे म्हणून ते प्रकरण मिटविले जाते. त्यामुळे हेतुपुरस्सर केलेल्या अवज्ञेला शिक्षकांनी कसे तोंड द्यावे, हा प्रश्न केवळ वर्गातील शांततेपुरता मर्यादित राहत नाही. मुख्याध्यापक, पालक आणि शिक्षणखात्याचे अधिकारी या सर्वांशी त्याचा संबंध येतो.

प्रथम पडताळणी

सूचना न पाळणारे प्रत्येक मूल हेतुपुरस्सर तसे करीत असते, असे मानणे ही या बाबतीतील पहिली चूक होय. आज्ञाभंगाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी चार शक्यता तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिली शक्यता ऐकू येण्याची. पावसाळ्यात मुलांना वारंवार सर्दी-पडसे होते आणि त्यापाठोपाठ कानाला दडे बसतात. कानाच्या पडद्यामागे पाणी साचले की ऐकू येणे कित्येक आठवडे मंदावलेले राहू शकते आणि तेही सारखेच राहत नाही. काही दिवस बरे, काही दिवस कमी, असे त्याचे स्वरूप असते. असे मूल सोमवारी हाकेला ओ देते आणि गुरुवारी देत नाही. साहजिकच ते मुद्दाम तसे करते, असा समज होतो. मुलांच्या आरोग्यतपासणीसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम राबविण्यात येत आहे. शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाच्या निदर्शनास अशी मुले नावानिशी आणून देणे शिक्षकांना सहज शक्य आहे.

दुसरी शक्यता भाषेची. गोव्यातील मराठी शाळांत येणारी बहुसंख्य मुले घरी कोकणी बोलतात. शेजारच्या राज्यांतून कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांतील मुलांची घरची भाषा कन्नड, लमाणी किंवा हिंदी असते. रोजच्या बोलण्यातले मराठी ही मुले लवकर उचलतात. परंतु "समास सोडून लिहा", "अधोरेखित करा", "रिकाम्या जागा भरा" ही शाळेची मराठी वेगळी असते. समास म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, तो इकडेतिकडे पाहत बसतो आणि शेजारच्या मुलाच्या वहीत डोकावल्याबद्दल पुन्हा बोलणी खातो.

तिसरी शक्यता शरीराच्या थकव्याची. पेडणे-डिचोलीच्या भागात जत्रा-काल्यांच्या दिवसांत रात्रभर नाटक पाहून सकाळी शाळेत आलेले मूल, किंवा पहाटे उठून काही न खाता दूरच्या वाड्यावरून आलेले मूल सूचनेला लगेच प्रतिसाद देऊ शकत नाही. त्याला उर्मट ठरविण्यापूर्वी ते झोपले केव्हा आणि जेवले केव्हा, एवढे विचारणे पुरेसे असते.

चौथी शक्यता सर्वांत महत्त्वाची आहे. दिलेले काम मुलाला येतच नसते. ज्याला वाचता येत नाही, तो पुस्तक उघडण्याची सूचना टाळतो. कारण पुस्तक उघडले की वाचण्याची पाळी येणार, हे त्याला माहीत असते. "ढ" म्हणवून घेण्यापेक्षा "खोडकर" म्हणवून घेणे त्याला परवडते. वरवर उद्धटपणा वाटणाऱ्या वागणुकीच्या मुळाशी अनेकदा ही लाज दडलेली असते. अशा मुलाला शिस्तीचे कितीही धडे दिले, तरी वाचनाचा धडा दिल्याखेरीज काहीच बदलत नाही.

ही पडताळणी करण्यासाठी फार खटाटोप करावा लागत नाही. शिक्षकांनी मुलाच्या जवळ जाऊन तीच सूचना एका छोट्या वाक्यात द्यावी आणि "आता काय करायचे आहे, ते मला सांग" असे विचारावे. मूल सूचना आपल्या शब्दांत, मग ती कोकणीत का असेना, बरोबर सांगू शकले, तर त्याला ती कळली आहे. त्यानंतर त्याच कामाचा अगदी सोपा पहिला टप्पा, उदाहरणार्थ पहिले एकच गणित, त्याच्यासमोर ठेवावा. ते त्याने केले, तर अडचण कामाच्या अवघडपणात आहे. सूचना कळली, काम येते, प्रकृती ठीक आहे आणि तरीही मूल ते करीत नाही, असे आढळल्यावरच अवज्ञा हेतुपुरस्सर आहे, असे म्हणता येईल.

या संदर्भात शाळेची रचनाही ध्यानात घ्यावी लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षकांची तरतूद आहे. चार इयत्ता आणि दोन शिक्षक अशा शाळेत एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात. तिसरीला दिलेली सूचना चौथीने ऐकायची नसते आणि चौथीला दिलेली सूचना तिसरीने सोडून द्यायची असते. शिक्षकांचे बोलणे कानाआड करण्याची सवय येथे शाळेच्या व्यवस्थेतूनच लागते. अशा वर्गात सूचनेपूर्वी इयत्तेचे नाव घेणे आणि त्या इयत्तेच्या बाजूला जाऊन बोलणे एवढ्यानेही बराच फरक पडतो.

अवज्ञेमागील हेतू

अवज्ञा हेतुपुरस्सर आहे हे निश्चित झाल्यावर तो हेतू कोणता, हा प्रश्न उरतो. व्हिएन्ना येथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स (१८९७-१९७२) यांनी मुलांच्या गैरवर्तनामागील चार उद्दिष्टे सांगितली आहेत. लक्ष वेधून घेणे, सत्ता गाजविणे, दुखावल्याचा सूड घेणे आणि आपल्याला काहीच जमणार नाही असे ठरवून माघार घेणे, ही ती चार उद्दिष्टे होत. यांपैकी कोणते उद्दिष्ट आहे, हे ओळखण्यासाठी शिक्षकांनी स्वतःच्या मनाकडे पाहावे, असे ते सुचवितात. मुलाच्या वागण्याने नुसती चीड आली, तर ते लक्ष वेधू पाहत आहे. आपल्या अधिकारालाच आव्हान दिले गेले असे वाटले, तर ते सत्तेसाठी झगडत आहे. मनाला लागले, तर ते सूड घेत आहे. आणि या मुलाचे काही होणार नाही अशी निराशा शिक्षकांच्या मनात दाटली, तर बहुधा तीच निराशा मुलाच्याही मनात असते.

हे वर्गीकरण सर्वत्र काटेकोरपणे लागू पडेल असे नाही. तथापि त्याचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. लक्ष हवे असलेल्या मुलाला सर्वांसमोर रागावणे म्हणजे त्याला हवे तेच देणे होय. सत्ता हवी असलेल्या मुलाशी वाद घालणे म्हणजे त्याने मांडलेल्या खेळात भाग घेणे होय. दुखावलेल्या मुलाला शिक्षा केली, तर सुडाला आणखी एक कारण मिळते. निराश मुलाला सोडून दिले, तर त्याचा समज पक्का होतो. बाहेरून एकच दिसणाऱ्या वागणुकीवर चार ठिकाणी चार निराळे उपाय करावे लागतात.

आवाज चढविल्याने काय होते

वर्गातील शिस्तीचा शास्त्रीय अभ्यास अनेक देशांत झाला आहे. त्यांतील जुन्या अभ्यासांचे काही निष्कर्ष आजही विचार करायला लावतात. १९६८ साली मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पहिलीच्या एका वर्गाचे निरीक्षण केले. जागा सोडून उठणाऱ्या मुलांना शिक्षक "खाली बसा" असे किती वेळा सांगतात आणि मुले किती वेळा उठतात, याची त्यांनी नोंद ठेवली. शिक्षकांनी "खाली बसा" हे सांगणे वाढविले, तेव्हा उठण्याचे प्रमाणही वाढले. उलट, बसून काम करणाऱ्या मुलांची दखल घेऊन त्यांचे कौतुक करण्यास सुरुवात केली, तेव्हा उठणे कमी झाले. प्रत्यक्षात ती आज्ञाच मुलांना मिळणारे बक्षीस ठरत होती.

१९७० साली ओलिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्याने रागावणे आणि हळू आवाजात समज देणे यांची तुलना केली. केवळ त्या मुलालाच ऐकू जाईल अशा बेताने समज दिली असता बहुतेक मुलांचा दंगा कमी झाला. पुन्हा मोठ्याने रागावणे सुरू करताच तो वाढला. त्याच वर्षी जेकब कूनिन यांचे वर्गव्यवस्थापनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. शिस्तभंग झाल्यावर शिक्षक कोणत्या शब्दांत रागावतात, यावर वर्गाची शिस्त फारशी अवलंबून नसते, असे त्यांना आढळले. शिक्षकांचे संपूर्ण वर्गावर लक्ष असल्याची मुलांना असलेली जाणीव आणि पाठ अडखळत न जाता पुढे सरकत राहणे, या दोन गोष्टी अधिक परिणामकारक ठरल्या.

या निष्कर्षांचा गोव्यातील शाळांना लागू पडणारा अर्थ सरळ आहे. शिक्षक आणि एक विद्यार्थी यांच्यात सर्वांसमोर चाललेला सामना हा वर्गाच्या दृष्टीने एक तमाशा असतो. त्या तमाशाला प्रेक्षक मिळतात तोवर तो चालू राहतो. म्हणून प्रेक्षक कमी करणे हे अवज्ञा आटोक्यात आणण्याचे पहिले साधन आहे.

सूचना कशी द्यावी

पुष्कळशा अवज्ञेचे बीज सूचना देण्याच्या पद्धतीतच असते. फळ्याकडे तोंड करून, लिहिता लिहिता दिलेली सूचना वर्गाच्या मागच्या भागात पोहोचत नाही. "वह्या काढा, तारीख घाला, पान दुमडा, काल दिलेली गणिते तपासून घ्या आणि आवाज करू नका" ही एका दमात दिलेली पाच कामे लहान मुलाच्या ध्यानात राहत नाहीत. यासाठी पुढील पथ्ये उपयोगी पडतात.

वर्ग शांत होईपर्यंत शिक्षकांनी बोलण्यास आरंभ करू नये. एका वेळी एकच सूचना द्यावी. काय करू नये यापेक्षा काय करावे, हे सांगावे. "गडबड करू नका" यापेक्षा "पेन्सिल खाली ठेवा आणि फळ्याकडे पाहा" ही सूचना पाळणे सोपे असते. सूचना प्रश्नाच्या रूपात देऊ नये. "आता गणित करायचे का?" असे विचारले की "नको" म्हणण्याचा अधिकार मुलाला मिळतो. सूचना दिल्यानंतर काही क्षण थांबावे आणि त्या अवकाशात तीच सूचना पुन्हा उच्चारू नये. प्रत्येक गोष्ट तीनदा सांगणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात मुले तिसऱ्या वेळेपर्यंत थांबण्यास शिकतात. अखेरीस, ज्या मुलांनी सूचना पाळली त्यांची दखल घ्यावी. "दुसऱ्या रांगेतील सर्वांच्या वह्या उघडल्या आहेत" असे साधे विधानही पुरते.

प्रत्यक्ष अवज्ञेच्या वेळी

एवढे करूनही विद्यार्थी समोर पाहून नकार देतो, असा प्रसंग येतोच. उदाहरणादाखल चौथीतील एका मुलाने नकाशा भरण्याचे काम करण्यास नकार दिला आहे, असे समजू. अशा वेळी शिक्षकांनी प्रथम उरलेल्या वर्गाला कामाला लावावे. सर्व मुले नकाशात गुंतली की त्या मुलाकडे पाहणारे डोळे आपोआप कमी होतात. नंतर वर्गात फिरत फिरत, दोन-चार मुलांच्या वह्या पाहत, त्याच्या बाकापाशी यावे. समोर उभे न राहता बाजूला, शक्य तर थोडे वाकून, हळू आवाजात बोलावे. "मांडवी आणि जुवारी या दोन नद्या आधी दाखव. बाकीचे नंतर पाहू," एवढेच सांगून पुढे निघून जावे. तेथेच उभे राहून वाट पाहिली, तर मुलाला माघार घेण्यास जागा उरत नाही. शिक्षक दुसऱ्या बाकाकडे वळले की मान खाली घालून पेन्सिल उचलणे त्याला सोपे जाते.

त्यानेही काम झाले नाही, तर दुसऱ्या फेरीत मर्यादित निवड द्यावी. "हे काम तू इथे बसून करशील की माझ्या टेबलाशी बसून?" या दोन्ही पर्यायांत काम करणे गृहीत धरलेले असते, मात्र निर्णय मुलाचा राहतो. मूल "मी करणार नाही, बाई" असे म्हणाले, तरी वाद वाढवू नये. "ठीक आहे. मधल्या सुट्टीच्या आरंभी आपण दोन मिनिटे बोलू," असे सांगून पाठ पुढे न्यावा आणि सांगितल्याप्रमाणे ती दोन मिनिटे अवश्य बोलावे. दिलेला शब्द विसरणाऱ्या शिक्षकांची पुढची सूचना कोणी मनावर घेत नाही.

त्या बोलण्यात आरोप नसावा. काय घडले ते शिक्षकांनी एका वाक्यात सांगावे, तसे का झाले ते मुलाला विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. मुले पहिल्याच प्रश्नाला खरे उत्तर देतात असे नाही. परंतु आपले म्हणणे कोणी तरी ऐकून घेत आहे हे कळल्यावर ती बोलू लागतात. शेजारी बसणारा मुलगा चिडवतो, फळ्यावरचे दिसत नाही, काल सर्वांसमोर आपल्याला हसले गेले, अशी कारणे याच बोलण्यातून बाहेर येतात.

अवज्ञेचा परिणाम मुलाला भोगावा लागलाच पाहिजे. तो मात्र त्या कृत्याशी संबंधित असावा. काम टाळले असेल, तर ते काम दुसऱ्या ठरलेल्या वेळी शिक्षकांच्या मदतीने पूर्ण करून घ्यावे. बाकावर रेघोट्या ओढल्या असतील, तर त्या पुसून घ्याव्यात. माध्यान्ह आहार रोखणे, संपूर्ण वर्गाची खेळाची तासिका बंद करणे किंवा शंभर वेळा वाक्य लिहावयास लावणे यांचा मूळ कृत्याशी काहीच संबंध नसतो. त्यातून मूल एवढेच शिकते की, लेखन ही एक शिक्षा आहे. परिणाम लहान असावा, पण तो दर वेळी घडावा. एके दिवशी दुर्लक्ष आणि दुसऱ्या दिवशी कडक शासन यांमुळे मुलाला शिक्षकांची परीक्षा पाहण्याची सवय लागते.

येथे एक अपवाद नमूद करणे इष्ट होय. सूचना न पाळल्याने मुलाला किंवा इतरांना इजा होण्याचा संभव असेल, उदाहरणार्थ मूल फाटकाबाहेर रस्त्याकडे धावत असेल, तर हे सर्व टप्पे बाजूला ठेवून त्याला तत्काळ थांबविलेच पाहिजे. समजावणे त्यानंतर.

प्रसंग मिटल्यावर तो खरोखरच मिटला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षकांनी त्या मुलाला इतरांप्रमाणेच नावाने हाक मारावी. कालचा राग आज पुढे चालू ठेवल्यास मुलाला सुधारण्याचे प्रयोजन उरत नाही.

माध्यमिक वर्गांत हीच तत्त्वे अधिक सांभाळून वापरावी लागतात. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला मित्रांसमोरील आपली प्रतिष्ठा प्राणपणाने जपावीशी वाटते. त्याला सर्वांसमोर नमविण्याचा प्रयत्न झाला की तो हटकून विरोध करतो. तोच विद्यार्थी एकांतात पुष्कळदा समजूतदारपणे बोलतो. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत माध्यमिक विद्यालयांसाठी समुपदेशकांची योजना राबविण्यात आली आहे; समुपदेशकाकडे पाठविणे ही शिक्षा नव्हे, हे विद्यार्थ्याला आधी समजावून सांगणे आवश्यक आहे.

कायद्याची चौकट

छडीवाचून विद्या नाही, ही समजूत खेड्यापाड्यांतून अजूनही पूर्णपणे गेलेली नाही. काही पालकही "हवे तर मारा, पण वळण लावा" असे शिक्षकांना सांगतात. परंतु पालकांच्या संमतीने मारणे कायदेशीर ठरत नाही, हे शिक्षक आणि पालक या दोघांनीही लक्षात ठेवले पाहिजे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेच शारीरिक शिक्षा शिक्षणव्यवस्थेतून वगळण्याची भूमिका घेतली होती. शाळेतील शिस्त बालकाच्या प्रतिष्ठेशी सुसंगत असावी, असे सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ साली स्वीकारला. गोव्याने २००३ साली स्वतंत्र गोवा बाल कायदा केला आणि शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ नुसार बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई असून, तिचा भंग करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १६ अन्वये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली असली, तरी शाळेतून काढण्यावरील ही बंदी कायम आहे.

शिक्षा म्हणजे केवळ छडी नव्हे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ओणवे किंवा गुडघ्यांवर उभे करणे, बाकावर उभे करणे, कान धरावयास लावणे आणि कोंडून ठेवणे या गोष्टीही शारीरिक शिक्षेत मोडतात. तर टोचून बोलणे, नावे ठेवणे व जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून हिणवणे हा मानसिक छळ होय. कायद्याने शिक्षकांचे हात बांधले, अशी तक्रार कधीकधी ऐकू येते. वस्तुतः वर सांगितलेले सर्व उपाय कायद्याच्या चौकटीत पूर्णपणे बसतात आणि ते छडीपेक्षा अधिक टिकाऊ आहेत. छडी केवळ ती समोर दिसते तेवढा वेळच काम करते.

आपल्याकडील पूर्वसुरी

हा विचार केवळ परदेशांतील नाही. १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकात चौथीच्या वर्गावर नव्यानेच आलेल्या एका शिक्षकाची कथा आहे. पहिल्या दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो आणि मुले त्याचे काही एक ऐकत नाहीत. उलट चित्रविचित्र आवाज काढून त्याची टर उडवितात. हातात छडी घेण्याऐवजी तो दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगू लागतो. गोष्टीत रमलेली मुले हळूहळू त्याचे ऐकू लागतात. ऐकण्याजोगे काही मिळाल्यावर मुले ऐकतात, हे त्या शिक्षकाला आपल्या फसलेल्या पहिल्या दिवसानेच शिकविले.

गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या आदिवासी भागात विस्तारले. गुरे राखण्यास जाणारी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसून आल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. गुरे चरत त्या कुरणावरच शाळा नेण्यात आली आणि ती कुरणशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. मूल सूचना का पाळत नाही, याचे उत्तर त्याच्या परिस्थितीत शोधण्याचा हा आदर्श होय.

पालक, मुख्याध्यापक आणि अधिकारी

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४ ने पालकांच्या नियमित बैठका घेणे हे शिक्षकांचे कर्तव्य ठरविले आहे. परंतु पालकांना केवळ तक्रारीसाठीच बोलावले गेले, तर ते येण्याचे टाळतात आणि आलेच, तर घरी जाऊन मुलाला मारतात. त्या माराचा हिशेब मूल दुसऱ्या दिवशी शाळेत चुकते करते. म्हणून पहिला निरोप चांगल्या गोष्टीचा असावा. पालकांशी बोलताना मूल घरी कोणाचे ऐकते, केव्हा ऐकते आणि अलीकडे घरात काही बदल झाला आहे काय, हे विचारावे. पालकांनीही शिक्षकांबद्दल मुलासमोर अनुदार बोलू नये.

वारंवार अवज्ञा करणाऱ्या मुलाबाबत मुख्याध्यापकांनी दोन आठवडे एक साधी नोंदवही ठेवण्यास सांगावे. तारीख, वेळ, विषय, दिलेली सूचना, त्याआधी काय घडले आणि त्यानंतर काय घडले, एवढेच रकाने पुरेत. "हा मुलगा कधीच ऐकत नाही" या विधानाचे रूप या नोंदीतून पालटते. साऱ्या नोंदी गणिताच्या तासिकेतील आहेत, किंवा प्रकटवाचनाच्या वेळच्या आहेत, किंवा अमुक एका मुलाशेजारी बसल्यावरच्या आहेत, असे दिसून आले की उपायाची दिशा सापडते. एखादे मूल घरी, शाळेत आणि शेजारीपाजारीही सहा महिन्यांहून अधिक काळ सतत विरोधी वागत असेल, तर तज्ज्ञांचा सल्ला घेणे हितावह ठरते. त्यासाठी बांबोळी येथे मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे.

शाळांना भेटी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी केवळ वर्गातील शांतता पाहून समाधान मानू नये. भीतीनेही वर्ग शांत होतो. शिक्षकांनी हळू आवाजात दिलेली सूचना किती मुले पाळतात आणि जो पाळत नाही त्याच्याकडे शिक्षक कसे वळतात, हे पाहिल्यास शाळेची खरी स्थिती कळून येते. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी अनुभवी सहकाऱ्याच्या वर्गात बसून ही कला पाहण्याची संधी देणे, हेही मुख्याध्यापकांना विनाखर्च करता येण्यासारखे आहे.

मुलाने सूचना मानावी, ही अपेक्षा रास्तच आहे. शिस्तीवाचून शिक्षण होत नाही. मात्र जो विद्यार्थी आज ऐकत नाही, त्यालाच शाळेची गरज अधिक असते, कारण इतर मुले शिक्षकांच्या थोड्याफार दुर्लक्षानंतरही तरून जातात. त्याचे नाव हजेरीपटावर टिकवून धरणे आणि त्याच वेळी वर्गाचे काम चालू ठेवणे, ही दुहेरी जबाबदारी शिक्षकांची आहे. ती पार पाडण्यासाठी पालकांचा विश्वास, मुख्याध्यापकांचा पाठिंबा आणि खात्याचे मार्गदर्शन त्यांना मिळणे अत्यावश्यक आहे.